शेळी पाळावी की मेंढी? कोरडवाहू घरासाठी एक विचार

अहिल्यानगर, बीड, धाराशिव, सोलापूर या कमी पावसाच्या जिल्ह्यांत ज्या कुटुंबाजवळ दोन-तीन एकर कोरडवाहू जमीन आहे, त्यास शेतीखेरीज दुसरा काही आधार असावा असे नेहमीच वाटत असते. मृगाचा पाऊस हुकला की बाजरी जाते, परतीचा हुकला की ज्वारी जाते. अशा वेळी दावणीचे एखादे लहान जनावर विकून घरखर्च भागविता येतो. गाय किंवा म्हैस घेण्याची ऐपत सर्वांस नसते. सबब थोडे पैसे गाठीस आले म्हणजे "दोन शेळ्या घ्याव्या की दोन मेंढ्या?" हा प्रश्न घरोघरी निघतो, आणि शेजाऱ्याने काय घेतले, किंवा त्या दिवशी बाजारात काय स्वस्त मिळाले, यावरून तो बहुधा सुटतो. आमच्या मते हा प्रश्न इतक्या सहजी सोडविण्याजोगा नाही. त्यात पैशाबरोबर घरातील माणसांचे, आणि विशेषतः मुलांचे, दिवस गुंतलेले असतात. म्हणून विद्यार्थ्यांनी व त्यांच्या पालकांनी एकत्र बसून वाचावा अशा हेतूने हा लेख आम्ही लिहीत आहो.

प्रथम एक गैरसमज दूर करू. मेंढपाळ मेंढरे उजवीकडे व शेरडे डावीकडे करतो हा दृष्टान्त आमच्या विद्यार्थ्यांच्या परिचयाचा आहे. त्यावरून मेंढी सद्गुणी व शेळी दुर्गुणी असे काही मुले समजून चालतात. तो दृष्टान्त मनुष्याच्या आचरणाविषयी आहे. जनावरांची योग्यता ठरविण्यासाठी तो सांगितलेला नाही. पूर्वेकडील देशांत दोन्ही जनावरे दिवसा एकाच कळपात चरतात, आणि आपल्याकडील धनगरही मेंढरांबरोबर पाच-दहा शेळ्या दुधासाठी बाळगतात, ही गोष्ट लक्षात असू द्यावी.

दोहोंमधील भेद

ही दोन जनावरे दिसण्यात जवळची असली तरी जातीने भिन्न आहेत. मेंढीच्या पेशीत ५४ गुणसूत्रे असतात, तर शेळीच्या पेशीत ६०. म्हणून त्यांचा संकर होऊन जगण्याजोगी संतती क्वचितच निपजते. शेळी शेपूट वर उचलून धरते, मेंढीचे शेपूट खाली लोंबते. परंतु पाळणाऱ्याच्या दृष्टीने मोठा भेद खाण्याच्या रीतीत आहे.

मेंढीचा वरचा ओठ मधोमध चिरलेला असल्यामुळे ती जमिनीलगतचे आखूड गवत अगदी मुळापाशी कुरतडू शकते. मान खाली घालून ती चरत पुढे सरकते. शेळीचा कल याच्या उलट असतो. तिचे ओठ व जीभ फार चपळ असून काट्यांमधून एकेक कोवळे पान ती नेमके टिपते. मागच्या दोन पायांवर उभी राहून ती बोरी-बाभळीच्या फांद्या ओढते, शेंगा खाते, एका झुडुपावर दोन तोंडे मारून दुसऱ्याकडे वळते. थोडक्यात सांगावयाचे तर मेंढीचे अन्न पायाखाली असते व शेळीचे अन्न डोळ्यांसमोर असते.

आता आपल्या दोन एकरांकडे पाहावे. तेथे गवताचे कुरण असते काय? पावसाळ्याचे तीन महिने सोडले तर बहुधा नसते. बांधावर मात्र बाभूळ, बोर, कडुनिंब, शेवरी, सुबाभूळ यांपैकी काही ना काही उभे असते. तुरीचे काड व भुसा असतो. घरी ज्वारीचा कडबा असतो. ही सामग्री शेळीच्या तोंडाची आहे. ज्याच्या गावाला मोठे गायरान व मोकळी माळराने आहेत, त्याची गोष्ट वेगळी.

मेंढी ही कळपाची

मेंढीचा दुसरा स्वभाव असा की तिला कळपावाचून चैन पडत नाही. एकटी मेंढी दावणीस बांधली तर ती सारखी ओरडते, धड खात नाही व खंगते. भर उन्हात मेंढरे एकमेकींच्या पोटाखाली डोकी घालून उभी राहतात, हे सर्वांनी पाहिलेच असेल. शेळीलाही सोबत हवी असते, तथापि दोन-तीन शेळ्या माणसांच्या सहवासात सुखाने राहतात.

दख्खनी मेंढी ही पिढ्यान्‌पिढ्या चालण्यासाठी घडलेली आहे. आपल्या पठारावरील धनगर दिवाळीच्या सुमारास शेकडो मेंढरे घेऊन निघतात. कित्येक वाडे घाट उतरून कोकणात जातात व पावसाळ्यापूर्वी परत येतात. वाटेत शेतकरी आपल्या रिकाम्या रानात रात्री मेंढरे बसवितात व त्या खताबद्दल धान्य किंवा पैसे देतात. ही व्यवस्था शहाणपणाची आहे. चारा जेथे असेल तेथे कळपाने जावे, हे तिचे सूत्र. परंतु तिच्यासाठी सबंध कुटुंब चालते, घोडे व कुत्री बरोबर असतात, आणि वाटांचे ज्ञान वाडवडिलांकडून आलेले असते. त्या व्यवस्थेतून दोन मेंढ्या काढून घराच्या खुंटीस बांधल्या तर मेंढीचा गुण मागे राहतो आणि अडचण तेवढी घरी येते.

लोकरीचा लाभ मेंढीच्या बाजूने सांगितला जातो, म्हणून त्याचाही विचार करू. दख्खनी मेंढीची लोकर राठ व बहुधा काळी असते. तिची घोंगडी उत्तम होतात. पावसात भिजणाऱ्या गुराख्यास तिच्याइतके ऊबदार दुसरे वस्त्र नाही. पण गिरणीच्या ब्लँकेटांपुढे घोंगड्यांची मागणी घटली, आणि पुष्कळ ठिकाणी कातरणीची मजुरीही लोकरीच्या किमतीतून सुटत नाही. सांगली जिल्ह्यातील जत तालुक्याकडची माडग्याळ मेंढी आज नावाजली आहे ती तिच्या उंच बांध्यासाठी व मांसासाठी, लोकरीसाठी नव्हे. तेव्हा दोन मेंढ्यांच्या लोकरीवर घराने भरवसा ठेवू नये.

वेताचा हिशेब

शेळी व मेंढी दोघींचाही गर्भकाळ सुमारे पाच महिन्यांचा असतो, आणि नीट पोसल्यास दोघींचीही दोन वर्षांत तीन वेते होऊ शकतात. भेद पडतो तो पिलांच्या संख्येत. आपल्याकडील उस्मानाबादी शेळी पुष्कळदा जुळी देते. दख्खनी मेंढी बहुधा एकच कोकरू देते.

एक उदाहरण मांडू. समजा, एका घरी दोन शेळ्या व दुसऱ्या घरी दोन मेंढ्या आहेत. दोन वर्षांत प्रत्येक घरी सहा वेते झाली. शेळ्यांच्या सहा वेतांपैकी तीन जुळी व तीन एकेरी धरली, तर करडे ९ होतात. त्यांतून दोन दगावली तरी ७ उरतात. मेंढ्यांची कोकरे ६. एक दगावले तर ५ उरतात. शिवाय शेळी करडे पाजून घरासाठी थोडे दूध देते. उस्मानाबादी शेळीचे दूध दिवसास अर्धा ते दीड लिटर, आणि संगमनेरी शेळीचे साधारण तितकेच किंवा थोडे अधिक असते. दख्खनी मेंढीचे दूध कोकरास पुरले म्हणजे पुष्कळ झाले. चहापुरते दूध विकत आणणाऱ्या घरास हा लहान लाभ नाही. मात्र हे दूध उकळूनच प्यावे, आणि एक वर्षाच्या आतील बाळास आईच्या दुधाऐवजी ते देऊ नये. त्यात फोलेट नावाचे जीवनसत्त्व फार कमी असते व केवळ त्यावर वाढविलेले बाळ फिकट पडते.

मेंढी जुळी देऊच शकत नाही असे मात्र कोणी समजू नये. फलटण येथील निंबकर कृषि संशोधन संस्थेने बंगालच्या सुंदरबनातील गरोल या लहानशा मेंढीचा जुळी देण्याचा गुण दख्खनी मेंढीत उतरविला आहे; त्या वाणास 'नारी सुवर्णा' असे नाव आहे. परंतु जुळे पोसावयाचे तर आईला खुराक अधिक लागतो, हा नियम तेथेही चुकत नाही.

लोकांनी अनुभवाने काय निवडले आहे, तेही पाहण्यासारखे आहे. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात शेळ्या सुमारे १ कोटी ६ लक्ष, तर मेंढ्या सुमारे २७ लक्ष आढळल्या. कोकणात, जेथे पाऊस अतोनात पडतो, तेथे स्थानिक मेंढ्या जवळजवळ नाहीतच. सततच्या ओलीत खूर सडतात व जंत बळावतात. तेथील कोकण कन्याळ शेळी मात्र त्या हवेत टिकून आहे.

रोग व त्यांचे निवारण

दोन्ही जनावरांस होणारे रोग बहुतांशी सारखेच आहेत. पहिला शत्रू जंत. पोटात राहून रक्त शोषणारा एक बारीक कृमी पावसाळ्यात फार माजतो. त्याची पिले ओल्या गवताच्या बुडख्याशी असतात. म्हणून खाली मान घालून चरणारी मेंढी त्यास लवकर बळी पडते. शेळी झाडपाला खात असेल तोवर त्यातून वाचते. पण तिला आखूड ओल्या गवतावरच चारले तर तिची स्थिती मेंढीहूनही वाईट होते. डोळ्याची खालची पापणी ओढून आतील रंग पाहावा. तो लाल-गुलाबी असेल तर ठीक. पांढुरका असेल किंवा जबड्याखाली सूज आली असेल तर विलंब न लावता पशुवैद्यास दाखवावे.

दुसरा आंत्रविषार. पहिल्या पावसानंतर कोवळे गवत एकदम पोटभर मिळाले म्हणजे कळपातील धष्टपुष्ट जनावरच रात्रीत मरून पडते, आणि लोक त्यास नजर लागली म्हणतात. ही नजर नव्हे; आतड्यांतील जंतूंचे विष होय. पावसाळ्यापूर्वी लस टोचल्याने हे मरण टळते. तिसरा पीपीआर. गाईम्हशींचा बुळकांडी रोग २०११ साली पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. त्याचाच हा भाऊबंद शेळ्यामेंढ्यांस होतो. भारतात तो १९८७ साली तमिळनाडूत प्रथम ओळखला गेला. ताप, नाकातून स्राव, तोंडात चट्टे, हगवण व धाप ही त्याची लक्षणे. याचीही लस आहे व एकदा टोचली की तीन वर्षे पुरते. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात या लसींची चौकशी करण्यास लाजू नये.

मेंढी पाळणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात धरावी. तांबे या धातूचा किंचित अंश सर्व प्राण्यांस लागतो, पण मेंढीच्या यकृतात तो साचत जाऊन तिला विष होतो. म्हणून गाईम्हशींसाठी तयार केलेले क्षारमिश्रण मेंढीस देऊ नये. शेळी ते पुष्कळ अधिक सोसते.

मागे कोण चालणार?

येथवर चारा, वेत व रोग यांचा विचार झाला. परंतु आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रश्न याहून वेगळा आहे. जनावर घरी आणण्यापूर्वी आईबापांनी एकमेकांस विचारावे: याच्या मागे कोण चालणार?

चरणारे जनावर सकाळी सुटते व दिवेलागणीस परत येते. त्याच्या मागे रोज आठ-नऊ तास एक माणूस लागतो. बाप मजुरीस गेला, आई खुरपणीस गेली, म्हणजे तो माणूस कोण, हे आम्ही शिक्षक हजेरीपटावरून ओळखतो. प्रथम बाजारच्या दिवशी मुलगा गैरहजर राहतो. मग सुगीत आठवडाभर दिसत नाही. नंतर त्याच्या नावापुढे रेघच ओढली जाते. पुष्कळदा ती मुलगी असते, आणि तिच्याविषयी घरात फारशी चर्चाही होत नाही. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास शाळा मिळावी असा कायदा २००९ साली झाला. परंतु माळावर उभ्या असलेल्या मुलापर्यंत कायदा पोहोचण्यापूर्वी घरातील वडील माणसांचा निश्चय पोहोचला पाहिजे. कळपाच्या विक्रीतून आलेले पैसे आपण मोजतो. त्यासाठी बुडालेले शाळेचे दिवस त्याच वहीत मांडावे, म्हणजे खरा नफा-तोटा कळेल.

मेंढी बहुधा चरावयास न्यावी लागते. शेळीचे तसे नाही. दोन-तीन शेळ्या गोठ्यातच चारा कापून पोसता येतात. सकाळी तासभर व सायंकाळी तासभर काम. मुलाने शाळेपूर्वी पाला कापून आणावा, घरच्यांनी दुपारी पाणी दाखवावे. हे श्रम मुलास अपायकारक नाहीत. उलट त्यांपासून त्यास नियमितपणा व प्राण्यांविषयी कळवळा या दोन गोष्टी शिकावयास मिळतात.

गोठ्यात पोसण्याचा आणखी एक लाभ गावास होतो. मोकाट शेळी कोवळी रोपे खाऊन टाकते व शेजाऱ्यापाशी भांडण आणते, हा तिच्यावरचा आरोप खराच आहे. आमच्याच जिल्ह्यातील राळेगणसिद्धी व हिवरे बाजार या गावांनी पाणलोटाची कामे केली तेव्हा मोकाट चराई बंद केली आणि कापून नेलेल्या चाऱ्यावर जनावरे पोसली, म्हणून त्यांच्या टेकड्या पुन्हा हिरव्या झाल्या. दोष शेळीचा कमी व मोकळ्या दोरीचा अधिक, असे यावरून आम्हांस वाटते.

आमचा सल्ला

ज्याच्या घरी मेंढपाळीची परंपरा आहे, ज्याच्याजवळ पन्नास-शंभर मेंढरांचा कळप, माळरान व त्यामागे चालणारी मोठी माणसे आहेत, त्याने मेंढीच ठेवावी. तिच्याइतके त्या रानाचे चीज शेळी करणार नाही. ज्याच्या बांधावर झाडच नाही व पाणी विकत घ्यावे लागते, त्याने तूर्त दोन्हींपैकी काहीच घेऊ नये. प्रथम शेवरी व सुबाभूळ लावावी आणि एक वर्ष थांबावे. मधल्या स्थितीतील दोन-तीन एकरांच्या घराने शेळी घ्यावी, आणि ती पुढील रीतीने घ्यावी.

आरंभ दोन किंवा तीन माद्यांनी करावा. दोन अथवा चार दाती, म्हणजे साधारण सव्वा ते दोन वर्षांची, शक्य तर जुळ्यांतली शेळी पाहावी. कास मऊ असावी, दोन्ही सड सारखे असावे, डोळे पाणीदार असावे. लांबच्या मोठ्या जातीच्या मोहात न पडता आपल्याच हवेतील उस्मानाबादी किंवा संगमनेरी घ्यावी. बोकड स्वतःचा न ठेवता गावातील चांगल्या बोकडाकडे न्यावे, आणि बाप-लेकींचा संबंध होऊ देऊ नये.

एका शेळीस छपराखाली सुमारे दहा चौरस फूट व बाहेर त्याच्या दुप्पट मोकळी जागा पुरते. जमीन कोरडी असावी. ज्या गावांत बिबट्या किंवा लांडगा फिरतो, तेथे गोठ्यास वरूनही जाळी असावी. तीस किलो वजनाच्या शेळीस दिवसास तीन-चार किलो हिरवा पाला, अर्धा ते एक किलो वाळला चारा व पावशेर खुराक एवढे लागते. पाला जमिनीवर न टाकता जुडी बांधून टांगावा. तुडविलेला पाला शेळी तोंडात घेत नाही. सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक देऊ नये, आणि ज्वारीचे कोवळे पोंगे मुळीच देऊ नयेत. त्यांत विष असते. करडू जन्मल्यावर तासाभराच्या आत त्यास चीक पाजावा. त्यावाचून पुष्कळ करडे पहिल्या आठवड्यातच दगावतात. लेंडीखत वाया न घालविता खड्ड्यात कुजवावे व आपल्याच शेतात घालावे.

सुट्टीतील अभ्यास

विद्यार्थ्यांनो, या लेखावर आम्ही तुमची तोंडी परीक्षा घेणार नाही. सुट्टीत एका वहीत चार गोष्टी लिहून आणा. पहिली, आपल्या बांधावर कोणती झाडे आहेत व कोणत्या महिन्यात त्यांस पाला असतो. दुसरी, उन्हाळ्यात घरी रोज किती घागरी पाणी येते व ते कोण आणते. तिसरी, सकाळी सहापासून रात्री आठपर्यंत घरातील प्रत्येक माणूस कोणत्या तासास काय करतो. चौथी, गावात शेळ्या व मेंढ्या पाळणारी कोणती घरे आहेत आणि त्यांच्या जनावरांमागे कोण जाते.

ही चार पाने भरली म्हणजे ती वडिलांना व आईला वाचून दाखवा. शेळी घ्यावी, मेंढी घ्यावी, की आणखी वर्षभर थांबावे, याचे उत्तर आमच्या लेखापेक्षा तुमच्या वहीतच अधिक नेमके सापडेल.